जुन्या मंदिराची दिशा आणि मांडणी जागेवर कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिन्नरचं गोंदेश्वर पाहताना फोनच्या होकायंत्रात मंदिर नेमकं पूर्वेला दिसत नाही, चार-पाच अंशांचा फरक येतो. अंबरनाथचं शिवमंदिर तर पश्चिमेकडे तोंड करून आहे. मग मंदिर पूर्वाभिमुखच असावं हा नियम कितपत खरा? आणि संकुलाची मांडणी जागेवर उभं राहून कशी ओळखायची?

फोनमध्ये दिसलेल्या त्या चार-पाच अंशांवरून इतक्यात काही ठरवू नका. सह्याद्रीतला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. होकायंत्र भिंतीला किंवा उंबऱ्याला टेकवलं की ते पृथ्वीचं चुंबकत्व आणि दगडाचं चुंबकत्व दोन्ही एकदम मोजतं. एकाच भिंतीवर हातभर सरकलात तरी वाचन बदलतं. त्यात लोखंडी रेलिंग, दानपेटी, पत्र्याची शेड यांची भर पडते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात सध्या फार तर एका अंशाच्या आसपास आहे, त्यामुळे चार-पाच अंशांचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. होकायंत्रच वापरायचं असेल तर मंदिरापासून दोन-तीन मीटर लांब, मध्यरेषेवर उभे राहा आणि रेषेच्या दोन्ही टोकांवरून वाचन घ्या. पुढचं आणि मागचं वाचन यांत बरोबर १८० अंशांचा फरक हवा. तो तसा आला नाही तर दोनांपैकी एका जागी दगड किंवा लोखंड सुईला ओढतं आहे, ती जागा सोडून द्या.

पण त्याही आधी मध्यरेषा कोणती हे ठरवायला हवं, कारण निम्म्या चुका इथेच होतात. मंदिराचं तोंड म्हणजे गाभाऱ्याच्या दाराचं तोंड. आवाराच्या दरवाजावरून, मंडपाच्या दरवाजावरून किंवा आपण जिथून आत शिरलो त्यावरून दिशा ठरत नाही. अंबरनाथच्या मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशी तीन दारं आहेत, गोंदेश्वराच्या सभामंडपालाही तीन बाजूंनी मुखमंडप, म्हणजे दारापुढचे छोटे मंडप, आहेत. बाजूच्या दारातून आत आलेला माणूस बेधडक 'मंदिर दक्षिणाभिमुख' लिहून मोकळा होतो. गाभाऱ्याच्या द्वारशाखांमधलं, म्हणजे चौकटीच्या दोन उभ्या बाजूंमधलं, अंतर मोजून मध्य काढा, मग अंतराळाच्या, म्हणजे गाभारा आणि मंडप जोडणाऱ्या छोट्या भागाच्या, दाराचा मध्य, मग मंडपाच्या समोरच्या दाराचा मध्य. या तीन बिंदूंमधून जाते ती मंदिराची मध्यरेषा. भिंतीच्या कडेला टेप लावून दिशा काढू नका. भूमिज शैलीच्या, म्हणजे गोंदेश्वर-अंबरनाथसारख्या, मंदिराची बाह्यभिंत पायरीपायरीने आत-बाहेर जाते, कोपरे फिरवलेले असतात, तिथे सरळ कड सापडत नाही. दहा मीटरच्या रेषेत मध्य एक सेंटिमीटरने चुकला तर दिशेत जेमतेम ०.०६ अंशाची चूक येते. म्हणजे साधा टेप आणि दोरी इथे फोनपेक्षा कितीतरी पट विश्वासाची आहेत. उपग्रहचित्रावरून मोजणाऱ्यांनीही हिशेब करावा: वीस मीटर लांबीच्या मंदिरात चित्रावर अर्धा मीटर इकडेतिकडे झाला की दीड अंश गेलाच.

आता खरी पूर्व. स्थपती, म्हणजे मंदिर बांधणारे मुख्य कारागीर, ती शंकूने काढत, आणि ही रीत आजही शाळेच्या मैदानावर करून पाहता येते. जमीन आधी पाण्याने समतल करून घ्यायची. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघतात, तशी बघितली तरी चालेल. मध्ये शंकू, म्हणजे ताठ काठी, ओळंब्यात उभी करायची. काठीच्या पायाशी केंद्र धरून वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या बाहेर असतं, सूर्य चढतो तसं आत येतं. जिथे ते वर्तुळाला शिवतं तिथे खुंटी. दुपारनंतर सावली लांबत पुन्हा वर्तुळाबाहेर पडते, तिथे दुसरी खुंटी. पहिली खुंटी पश्चिमेची, दुसरी पूर्वेची, आणि दोन्हींना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. दोन्ही खुंट्यांवरून सारख्या दोरीने कमानी काढल्या की त्या एकमेकींना छेदून माशाचा आकार होतो. त्याच्या तोंडातून शेपटीकडे जाणारी रेषा दक्षिणोत्तर.

वर्तुळाची त्रिज्या किती घ्यायची यावर सगळं अवलंबून आहे. सिन्नरचा अक्षांश साधारण १९.८५. डिसेंबरच्या अखेरीस तिथे भर दुपारी सूर्य ४६-४७ अंशच वर येतो आणि मध्यान्हाची सावली काठीच्या जवळजवळ लांबीइतकी असते. त्रिज्या काठीएवढी घेतली तर हिवाळ्यात दोन्ही खुंट्या मध्यान्हाच्या आसपास, एकमेकींजवळ पडतात, आणि जवळच्या दोन बिंदूंवरून काढलेली रेषा भरकटते. काठीच्या दीड ते दोनपट त्रिज्या बारा महिने चालते. दुसरी अडचण सावलीच्या टोकाची. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाचं बिंब आहे, म्हणून साठ सेंटिमीटरच्या काठीच्या सावलीचं टोक सेंटिमीटरभर पुसट असतं. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेली पत्र्याची चकती लावली की सावलीत प्रकाशाचा स्पष्ट ठिपका मिळतो. तिसरी गोष्ट जुन्या ग्रंथकारांनाही माहीत होती: सकाळ ते दुपार एवढ्या वेळात सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर, थोडी सरकते. विषुवदिनाच्या सुमारास ती तासाला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, सरकते आणि रेषेत चार-पाच कलांची चूक येते. २१ जून किंवा २१-२२ डिसेंबरच्या आसपास क्रांती जवळपास स्थिर असते, तेव्हा दुरुस्तीची गरजच पडत नाही. थोडक्यात, नीट केलेला शंकू अंशाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत दिशा देतो. एखादं मंदिर पूर्वेपासून पाच अंश वळलेलं असेल तर 'त्यांना पूर्व काढता आली नाही' असं म्हणणं त्या कारागिरांवर अन्याय आहे.

संरक्षित स्मारकात अर्थातच वर्तुळं काढत बसता येत नाही. दगडावर खडू, खिळा, चिकटपट्टी काहीही नको, आणि तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. तिथे सोपा मार्ग असा: मध्यरेषेवर हातात दीड मीटरचा ओळंबा धरा, त्याच्या दोरीची सावली जमिनीवर पडेल तिचा मध्यरेषेशी होणारा कोन मोजा, आणि वेळ मिनिटासह लिहा. त्या ठिकाणच्या त्या मिनिटाला सूर्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, किती, हे खगोलीय गणितावरून मिळतं. सकाळी आठ-नऊपर्यंत हे काम उरका. सूर्य खाली असताना दिगंश सावकाश बदलतो, मिनिटभर चुकलात तरी चूक अंशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहते. मे महिन्यात दुपारी हे करूच नका. सिन्नरला २० मेच्या सुमारास सूर्य डोक्यावरून जातो आणि काही मिनिटांत दिगंश पूर्वेकडून पश्चिमेला पालटतो.

एवढं करूनही फरक उरला तर त्याला अर्थ असू शकतो. या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पूर्वबिंदूच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत उगवतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये उगवण्याची जागा दिवसाला साधारण ०.४ अंश सरकते. म्हणजे पाच अंशांचा फरक हा बारा-तेरा दिवसांचा फरक आहे. पायाभरणीच्या दिवशीचा सूर्योदय धरून रेषा आखली असेल तर असा फरक पडणारच. मात्र यावरून तारीख काढण्याचा मोह फार जपून करावा. समोर डोंगर असेल तर सूर्य उशिरा दिसतो आणि क्षितिज दर अंशाने उंचावलं की दिसण्याची जागा इथे सुमारे ०.३६ अंश दक्षिणेला सरकते. शिवाय संपात, म्हणजे दिवस-रात्र समान असतानाचं सूर्याचं ताऱ्यांमधलं स्थान, चळलेला आहे. अकराव्या शतकात मेष संक्रांतीचा सूर्य जिथे उगवत असे, त्यापेक्षा आजच्या मेष संक्रांतीचा सूर्य पाचेक अंश उत्तरेला उगवतो. आजच्या पंचांगातली संक्रांत घेऊन नऊशे वर्षांपूर्वीचं मंदिर 'जुळवून' दाखवणारे लेख वाचले की वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते आणि पायाच चुकलेला असतो.

कोल्हापूरच्या अंबाबाईचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. मंदिर पश्चिमाभिमुख. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत मूर्तीच्या चरणांपासून वर चढत जातात, तो किरणोत्सव परंपरेने ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला असतो. वर्षातून दोनदा का? सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. ९ नोव्हेंबर त्याच्या सुमारे ४२ दिवस आधी, ३१ जानेवारी सुमारे ४१ दिवस नंतर. दक्षिणेकडे जाताना आणि परत येताना सूर्य एकाच जागी मावळतो, इतकी ती साधी जोडी आहे. त्या दिवसांत कोल्हापुरात सूर्य पश्चिमबिंदूच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. मंदिराची रेषा नेमक्या पश्चिमेला असती तर हा सोहळा मार्च आणि सप्टेंबरमध्ये आला असता. किरणं चरणांपर्यंत येऊन थांबली तर आधी क्षितिजावरचे ढग आणि धूळ बघावी, मग मार्गातली बांधकामं. सूर्य अगदी खाली आला की किरण वर चढतो, म्हणून शेवटची मिनिटं अडली की वरचा भाग हुकतो.

पश्चिमाभिमुख मंदिर म्हणजे अपवाद किंवा दोष, असं मानण्याचं कारण नाही. शास्त्रग्रंथ पूर्वेला पहिली पसंती देतात, पश्चिम त्यांना चालते. वेरूळचं कैलास आठव्या शतकात, राष्ट्रकूट पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या पश्चिमेकडच्या उतारात वरून खाली कोरलं. खडकच पश्चिमेला उघडतो, तर तोंड पश्चिमेलाच येणार. अंबरनाथचं मंदिर शके ९८२ च्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाचं, शिलाहार राजवंशाचं. तेही पश्चिमाभिमुख आहे, आणि गाभारा वीसेक पायऱ्या उतरून खाली. तिथे वरचं शिखर अपुरं आहे आणि गाभाऱ्यात आकाश दिसतं. खाली उतरताना दिशेचं भान सुटतं, म्हणून रेषा वर, मंडपाच्या पातळीवरच मोजून घ्यावी.

मग आत उभं राहून पूर्व-पश्चिम पटकन ओळखायची कशी? प्रणाल, म्हणजे गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ, बघा. मंदिराच्या मांडणीत सर्वांत कमी बघितला जाणारा आणि सर्वांत भरवशाचा हाच अवयव आहे. नियम असा: मंदिर पूर्वाभिमुख असो वा पश्चिमाभिमुख, अभिषेकाचं पाणी उत्तरेला काढायचं. मंदिर उत्तर किंवा दक्षिणाभिमुख असेल तर पूर्वेला. शिवलिंगाच्या शाळुंकेचं तोंडही त्याच बाजूला. म्हणून पूर्वाभिमुख मंदिरात देवासमोर उभं राहिल्यावर प्रणाल आपल्या उजव्या हाताला येतं, पश्चिमाभिमुख मंदिरात डाव्या. शिवाची प्रदक्षिणा प्रणाल न ओलांडता तिथून माघारी फिरून करतात, ती सोमसूत्री, त्यामागे हीच पाण्याची वाट आहे. बाहेरून फिरताना उत्तरेच्या भिंतीत, खालच्या थरांजवळ मकरमुख किंवा गोमुख शोधा.

तिथेच थोडा वेळ थांबा, कारण मंदिराची तब्येतही तिथेच कळते. मकरमुख कोरडं ठणठणीत आहे आणि अभिषेक तर रोज होतो, मग पाणी जातं कुठे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं. गाभाऱ्यात फरशी बसवलेली असते. मूळ दगडी तळाला प्रणालाकडे उतार होता, वर सिमेंटचा थर आणि गुळगुळीत फरशी आली, प्रणालाचं आतलं तोंड बुजलं किंवा फरशीच्या खाली गेलं. मग कोपऱ्यात प्लास्टिकचा पाइप काढतात, तो सोयीच्या बाजूला, बहुधा मागे. राहिलेलं पाणी फरशीखाली जिरतं, जोत्यात उतरतं. बाहेरून वेदीबंधाच्या, म्हणजे भिंतीच्या तळाच्या, थरांवर पांढरे क्षार, हिरवं शेवाळ आणि एका बाजूला सांध्यांची फट दिसू लागते. पायाखालची माती ओली होऊन दबली की कोपरा बसतो. तांब्याभर पाणी शाळुंकेवर सोडून ते कुठून, किती वेळात बाहेर येतं हे पुजाऱ्यांच्या परवानगीने बघितलं तर अर्धं निदान होतं.

मांडणी वाचायची ती गाभाऱ्यातून बाहेर, आपण चालत येतो त्याच्या उलट. गर्भगृह, अंतराळ, सभामंडप, मुखमंडप, नंदीमंडप, मग प्राकार, म्हणजे आवाराची भिंत, आणि त्याचं दार. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गाभारा बाहेरच्या रुंदीच्या निम्मा सांगितला आहे, बाकी भिंती. मंदिराच्या पायाला आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट पदांचा (चौकोनी घरांचा) मंडल कल्पिला तर मधली चार बाय चार गाभाऱ्याची आणि चहूबाजूंनी दोन-दोन पदं भिंतीची. म्हणून जुन्या गाभाऱ्यात शिरलं की भिंत इतकी जाड का, असा प्रश्न पडतो. वर शिखराचं ओझं आहे आणि चुन्याशिवाय, नुसत्या वजनावर आणि खाचांवर दगड बसवले आहेत. ही मापं हस्त आणि अंगुळात आहेत: २४ अंगुळांचा एक हस्त. हस्त साधारण ४५ सेंटिमीटरचा, पण जागोजागी बदलतो. त्यामुळे आपली फुटातली मापं घेऊन आय-व्यय, म्हणजे मापांना भागून उरलेल्या बाकीवरून शुभाशुभ, काढायला बसू नका. एका अंगुळाने बाकी बदलते आणि हवं ते उत्तर मिळतं.

गोंदेश्वर हे शैव पंचायतन: एका जगतीवर, म्हणजे चौथऱ्यावर, मध्ये शिव, चार कोपऱ्यांत विष्णू, सूर्य, गणेश आणि देवी यांची लहान मंदिरं, समोर नंदीमंडप. घरच्या पंचायतन पूजेत शिव मध्ये असताना ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी असा क्रम असतो. तो डोक्यात ठेवून जा, पण त्यावरून उपमंदिराचा देव ठरवू नका. आतली मूर्ती बदललेली किंवा नाहीशी झालेली असू शकते. द्वारावरचं ललाटबिंब, म्हणजे चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध कोरलेली मूर्ती, आणि तीन भिंतींतल्या देवकोष्ठांतली, म्हणजे कोनाड्यांतली, शिल्पं बघून ठरवा. ललाटबिंबावरच्या एकट्या गणपतीवरून 'हे गणेशाचं' म्हणू नका, गणपती तिथे कुठल्याही देवळात येतो. आणि या मंदिराला हेमाडपंती म्हणण्याची सवय सोडायला हवी. हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, महादेव आणि रामचंद्र यादवांच्या पदरी. गोंदेश्वर त्याच्या आधीचं आहे, अंबरनाथ तर दोनशे वर्षं आधीचं.

नंदीवरून मध्यरेषा पडताळता येते, पण नंदी नेहमी वेगळ्या मंडपात असेलच असं नाही. गोव्यात तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरात तो सभामंडपाच्या मधल्या चार खांबांत आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वरात समोर नंदीच नाही. तिथे सर्वांत पुढे छताला गोल उघडं आकाश असलेला स्वर्गमंडप येतो आणि मग सभामंडप. त्याला नंदीमंडप समजून मोजणी केली तर सगळा आराखडा एका खणाने चुकतो.

शेवटी मूळ काय आणि नंतरचं काय हे वेगळं करायचं. मुख्य मंदिर, उपमंदिरं, नंदीमंडप आणि प्राकार, प्रत्येकाची दिशा स्वतंत्र मोजा. सगळी एकाच कोनात वळलेली असतील तर ती आखणी पायाभरणीच्या वेळची, विचारपूर्वक केलेली. मुख्य मंदिर आणि उपमंदिरं एका रेषेत आणि प्राकाराची भिंत दोन-तीन अंश वेगळी निघाली तर ती भिंत नंतरची असण्याची शक्यता मोठी, मग दगडाची घडण आणि सांधे तपासा. एकटा नंदीमंडप वाकडा असेल तर त्याचं जोतं खचलं आहे का ते आधी पातळी लावून बघा. कोल्हापूरचा लाकडी गरुडमंडप मुळातच एकोणिसाव्या शतकातला, त्याच्या खांबांवरून मूळ मंदिराची रेषा काढायची नसते. टिपणात प्रत्येक कोनापुढे तो कुठल्या दोन बिंदूंमधून घेतला, बिंदूंतलं अंतर किती आणि दिशा सावलीवरून की होकायंत्रावरून, हे लिहून ठेवा. पुढच्या माणसाला तुमचा आकडा त्याशिवाय वापरता येणार नाही.